नवीन पुस्तकं येतात पण कपाटातच राहतात: वाचनालयातला हा बिघाड कसा शोधायचा

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव बघते, बरीच वर्षं झाली. आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांतून अधूनमधून फोन येतो, की ताई नवीन पुस्तकं आणली पण कोणी हातच लावत नाही, जरा येऊन बघा ना. मी जाते. आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निघते, पुस्तक चांगलं असतं, वाचकही असतात, पण गठ्ठा सुटल्यापासून वाचकाच्या हातात पडेपर्यंत मधे कुठेतरी ते पुस्तक अडकलेलं असतं. कुठे ते शोधायचं. पैसे फारसे लागत नाहीत. मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने लिहितेय, फुकटचं आणि पाच मिनिटांचं आधी, वेळखाऊ शेवटी.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी तुमच्याकडे दिसत असतील तर पुढचं वाचा.

- पुस्तक येऊन सहा महिने झाले आणि मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही.
- वाचक काउंटरवर येऊन विचारतात "नवीन काही आलंय का?" आणि नवीन पुस्तकं त्यांच्या पाठीमागच्याच कपाटात असतात.
- वाचक एखादं पुस्तक मागवा म्हणून सांगतात आणि ते तुमच्याकडे आधीच आलेलं असतं. हे लक्षण सगळ्यात पक्कं, हे दिसलं की मी बाकी काही विचारत नाही.
- "नवीन पुस्तके" लिहिलेल्या रॅकवर दिवाळीपासून तीच पुस्तकं आहेत.
- दिवाळी अंक धडाधड जातात, पुस्तकं मात्र नाहीत.

शेवटच्या लक्षणाबद्दल जरा बोलते, कारण कार्यकारिणीच्या बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं की हल्ली मोबाईलमुळे कोणी वाचत नाही. दिवाळी अंक जातायत ना? त्यासाठी लोक वेगळी वर्गणी भरतायत ना? मग वाचणारी माणसं तुमच्या दारात येतायत. अंक टेबलावर उताणे पसरलेले असतात, मुखपृष्ठ दिसतं, हातात घेऊन चाळता येतं. पुस्तकांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो.

सुरुवातीला मोजून घ्या, अर्धा तास

दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकाने नोंद असते ती वही, काढा आणि सहा महिन्यांपूर्वी आलेली सलग पन्नास पुस्तकं घ्या. प्रत्येक पुस्तक शोधून त्याच्यावर किती शिक्के आहेत ते एका कागदावर लिहा. कॉम्प्युटर असेल तर त्यात दिसेल, पण तरी पुस्तकं प्रत्यक्ष हातात घ्या असं मी सांगेन, कारण हातात घेतल्यावर ज्या गोष्टी कळतात त्या रिपोर्टमधे येत नाहीत.

हे का करायचं, तर तीन वेगवेगळे आजार बाहेरून सारखेच दिसतात. बऱ्याच पुस्तकांवर शिक्काच नसेल तर पुस्तक वाचकाच्या नजरेलाच पडलेलं नाही, खालच्या पहिल्या चार तपासण्या तुमच्यासाठी. पुस्तक गेलंय पण दोन दिवसांत परत आलंय, असं पुन्हा पुन्हा असेल तर निवड चुकलीये, ते शेवटी लिहिलंय. आणि पन्नासातली पंधरा पुस्तकं कपाटात सापडलीच नाहीत, ऑफिसात खोक्यात निघाली, तर काम तुंबलंय. न मोजता लोक थेट मोठा कार्यक्रम घेतात, पाहुणे, हारतुरे, पुस्तक प्रदर्शन, दोन दिवस गर्दी होते आणि तिसऱ्या दिवशी परत तेच.

पहिली तपासणी: पुस्तक उभं कुठे आहे

याला शून्य रुपये लागतात आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त वेळा इथेच उत्तर सापडलंय.

वाचकाच्या जागी उभं राहून बघा. कपाट काचेचं आणि कुलूपबंद आहे का? किल्ली कोणाकडे? एका गावात नवीन पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून कुलपात होती, किल्ली सचिवांकडे आणि सचिव संध्याकाळी साडेसातला यायचे, तोवर बायका आणि शाळेची मुलं पुस्तक बदलून घरी गेलेली असायची. कुलूप काढलं, एवढंच केलं त्या दिवशी.

मग उंची. कमरेपासून डोळ्यांपर्यंतचा जो पट्टा आहे तेवढाच माणूस बघतो, तळाच्या फळीपर्यंत साठीच्या पुढचा वाचक वाकत नाही आणि आपले निम्मे सभासद साठीच्या पुढचे असतात. आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ समोर हवं. कण्याकडून उभं केलेलं पुस्तक ज्याला नाव माहितीये त्यालाच सापडतं. ड्युईप्रमाणे, म्हणजे विषयाला आकडे देणाऱ्या वर्गीकरणाप्रमाणे, पुस्तकं लावणाऱ्या वाचनालयात तर मराठी साहित्य सगळं ८९१.४६ मधे, तिथे दोन हजार पुस्तकांत नवीन पुस्तक सरकवलं की ते त्या दिवशीच जुनं झालं. म्हणून पहिले दोन-तीन महिने त्याला वेगळं, समोर तोंड करून ठेवायचं. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३१ साली वाचनालयांसाठी पाच सूत्रं मांडली त्यातलं तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे मला परीक्षेत पाठ होतं पण कळलं ते या रॅकपाशी. पुस्तक स्वतः वाचक शोधायला जाऊ शकत नाही, ते काम आपलं.

रॅक दरवाजाजवळ ठेवू नका. दारातून माणूस घाईत आत येतो. जिथे तो थांबतो तिथे ठेवा, म्हणजे देवघेवीच्या टेबलाशेजारी, कार्ड शोधून नोंद होईपर्यंत दोन-तीन मिनिटं तो नुसता उभा असतो. बारा ते पंधरा पुस्तकं पुरे. साठ ठेवली तर नजर कुठेच ठरत नाही. आणि दर शनिवारी निदान चार बदला, नाहीतर महिन्याभरात तो रॅक भिंतीचा भाग होतो.

वर्तमानपत्र विभाग विसरू नका. तिथे सकाळी जी माणसं येतात ती बरीचशी सभासद नसतात, फुकट पेपर वाचून जातात, पण ती रोज येतात. तिथे पुस्तक ठेवायची भीती वाटत असेल तर मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स लावा. आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर कित्येक वर्षं फक्त पेपर वाचायला यायचे. घाटरस्त्यांवरच्या एका पुस्तकाची अशी झेरॉक्स बघून आत आले, म्हणाले हे पुस्तक इथे मिळतं होय? त्यांना वाटायचं आतल्या खोलीत फक्त कादंबऱ्या असतात. इतकी वर्षं आमच्यापैकी कोणी त्यांना आत बोलावलं नव्हतं, ही गोष्ट मला अजून लागते. अनामत भरून त्याच दिवशी सभासद झाले ते.

दुसरी: पुस्तक दिसतंय कसं

हा खास आपल्या वाचनालयांचा घोटाळा आहे. पुस्तक टिकावं म्हणून आल्या आल्या त्याला खाकी कव्हर घालतात नाहीतर पुठ्ठा बांधणी करतात, आणि वर स्केचपेनने नाव. हेतू चांगला आहे, मलाही पुस्तक फाटलेलं बघवत नाही, पण त्यात मुखपृष्ठ गेलं, मलपृष्ठावरचा मजकूर गेला, म्हणजे अनोळखी पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवायला वाचकाकडे काहीच उरलं नाही. मग तो ओळखीच्या लेखकाचंच नेतो. नव्या लेखकांची पुस्तकं पडून राहण्याचं हे फार मोठं कारण आहे.

खाकी कव्हर काढा, पारदर्शक प्लास्टिकचं घाला. रोल मिळतो, तालुक्याला स्टेशनरीच्या दुकानात सहज. बांधणी पुढे पुस्तक खिळखिळं झालं की करा, आणि तेव्हाही मूळ मुखपृष्ठ फेकू नका, पुठ्ठ्यावर चिकटवा. दाखल क्रमांकाचं लेबल लेखकाच्या नावावर येत नाही ना, शिक्का मलपृष्ठाच्या मजकुरावर नाही ना, बारकोड असेल तर तो कुठे आहे, एवढं बघून घ्या.

तिसरी: फलक

"नवीन दाखल ग्रंथ" असा फलक बहुतेक ठिकाणी असतो. त्यावर अनुक्रमांक, दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, अशी चाळीस ओळींची यादी असते. ही यादी तपासणीसाठी ठीक आहे. वाचकाला तिचा उपयोग नाही, कारण त्यात पुस्तक कशाबद्दल आहे तेच नसतं.

पाच पुस्तकं घ्या, प्रत्येकाखाली एकच ओळ. ओळीत जागा, काळ, माणूस, आणि पुस्तक केवढं आहे ते यावं. समजा एखादी कादंबरी आहे, तर असं लिहा, "१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बाईची गोष्ट, १४० पानं, अक्षर मोठं." वाचनीय, संग्राह्य, अप्रतिम हे शब्द नकोत, ते कुठल्याही पुस्तकाला लागतात म्हणून त्यांनी काही कळत नाही. अक्षर मोठं आहे हे मुद्दाम लिहा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस तेवढ्यावर पुस्तक नेतो. ही ओळ लिहायला पुस्तक अख्खं वाचावं लागत नाही, मलपृष्ठ, प्रस्तावना आणि मधली दहा पानं वाचली तरी जमते, पण तेवढी मात्र खरंच वाचा, ओळ चुकीची निघाली तर त्या वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास जातो आणि तो परत यायला फार वेळ लागतो.

चौथी: काउंटरवर काय बोललं जातं, आणि नियम काय आहेत

अर्धा तास बाजूला बसून नुसतं ऐका. बहुतेक ठिकाणी संवाद एवढाच असतो, "झालं का वाचून?" "हो." "दुसरं घ्या." संपलं. त्याच्याऐवजी "कसं होतं?" विचारायचं, दोन वाक्यं ऐकायची आणि त्यावरून एकच नवीन पुस्तक हातात द्यायचं. एकच. तीन दिली तर माणूस गोंधळतो आणि तिन्ही ठेवून देतो. हातात दिलेलं पुस्तक आणि फळीवरचं पुस्तक यात फार फरक आहे.

आणखी एक करून बघा, परत आलेली पुस्तकं जिथे पडतात ना त्या टेबलावर, त्यांच्यातच दोन-तीन नवीन ठेवून द्या. लोक रॅकपेक्षा तिथे आधी हात घालतात, कोणीतरी वाचून आणलंय म्हणजे बरं असणार असं वाटतं.

आता नियम. याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सभासदाला एका वेळी एकच पुस्तक मिळत असेल आणि तो आठवड्यातून एकदा येत असेल तर तो अनोळखी पुस्तकावर आठवडा का घालवेल? तो ओळखीचंच नेणार आणि त्याचं बरोबरच आहे. उपाय असा की नवीन रॅकवरचं एक पुस्तक जादा द्यायचं, सात दिवसांसाठी. आमच्याकडे कार्यकारिणीने ठराव करून हे सुरू केलं तेव्हा काही जण म्हणाले पुस्तकं हरवतील. हरवली नाहीत. उलट जादाचं म्हणून नेलेलं पुस्तकच आधी वाचलं असं सांगणारे बरेच निघाले. काही ठिकाणी नवीन किंवा महाग पुस्तक फक्त जास्त अनामत भरणाऱ्या वर्गालाच देतात, तसा जुना नियम तुमच्या पुस्तिकेत पडलेला नाही ना तेही बघा, कधीकधी नियम कोणाच्या लक्षातही नसतो पण काउंटरवरची व्यक्ती इमानेइतबारे तो पाळत असते.

पाचवी: व्हॉट्सॲप

"आम्ही सगळ्यांना मेसेज टाकतो तरी कोणी येत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी मेसेज पोचतो का ते बघा. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. आणि एका लिस्टमधे २५६ च्या वर माणसं बसत नाहीत. एका वाचनालयात वर्षभर असे मेसेज जात होते आणि बहुतेकांच्या फोनमधे वाचनालयाचा नंबरच नव्हता. तपासायला सोपं, दहा सभासदांना विचारा परवाचा मेसेज आला का. मग नवीन सभासद अर्ज भरतानाच समोर नंबर सेव्ह करून घ्या.

ग्रुप असेल तर सेटिंगमधे जाऊन मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकेल असं करा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली पुस्तक गाडलं जातं. पुस्तकाचा फोटो दिवसाउजेडी, सरळ, एका वेळी एकच, खाली तीच फलकावरची एक ओळ आणि "आज वाचनालयात आहे" एवढं. पन्नास पुस्तकांची पीडीएफ यादी कोणी उघडत नाही. कोणी "माझ्यासाठी ठेवा" म्हणालं तर नाव लिहून दोन दिवस खरंच ठेवा, आणि पुस्तक गेलं की ग्रुपवर तसं सांगा. ते गेलं हे कळल्यावर दुसरे दोघं नंबर लावतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते, पुस्तकाची पानं स्कॅन करून किंवा कुठून आलेली पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो, वाचनालयानेच असं केलं तर लिहिणाऱ्याने आणि छापणाऱ्याने जगायचं कसं.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना फोन करा. यादी छोटी असते, वीस-पंचवीस नावं.

सहावी: खोक्यात अडकलेली पुस्तकं

इथून पुढे मेहनत आहे. अनुदानाचा हप्ता उशिरा हातात येतो आणि मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, म्हणून तीनशे पुस्तकं एकदम येऊन पडतात. मग शिक्के, दाखल नोंद, वर्गीकरण, कार्ड, लेबल, कव्हर, आणि हे सगळं करायला माणूस एक, तोही अर्धवेळ. गठ्ठा सप्टेंबरपर्यंत ऑफिसात. तपासायला बिलाची तारीख आणि पहिल्या देवघेवीची तारीख शेजारी लिहा. मधे तीन महिन्यांच्या वर गेले असतील तर बिघाड इथे आहे.

याने काय नुकसान होतं सांगते. रविवारच्या पुरवणीत परीक्षण येतं, त्याच आठवड्यात वाचक पुस्तक मागतो. आपण म्हणतो आलंय पण अजून दाखल नाही झालं. तो दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारत नाही.

सगळा गठ्ठा एकदम संपवायच्या मागे लागू नका. ज्यांची मागणी आहे ती वीस आधी काढा, त्यांचं सगळं पूर्ण करून रॅकवर लावा, मग पुढची वीस. आठवड्याला वीस. पण दाखल नोंद टाळून पुस्तक बाहेर देऊ नका, कितीही घाई असली तरी, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असेल तर तपासणी होते आणि नोंद नसलेलं पुस्तक हरवलं तर ते होतं हेच सिद्ध करता येत नाही. कॉलेजची मुलं सुट्टीत मदतीला येतात, कव्हर आणि लेबल त्यांना द्या, रजिस्टर ग्रंथपालाच्याच हातात ठेवा.

सातवी: शोधल्यावर सापडतं का

कॉम्प्युटर असलेल्यांसाठीच. दहा नवीन पुस्तकं वाचक जसं टाइप करेल तसं टाइप करून शोधा. सापडली नाहीत तर बहुतेक वेळा तीन कारणं. जुनी नोंद श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधे टाइप झालीये आणि शोध युनिकोडमधे, म्हणजे हल्ली फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, चाललाय. किंवा ह्रस्व-दीर्घ. किंवा 'ॲ' सारखी अक्षरं, ती एकसंधही टाइप होतात आणि अ वर चंद्र देऊनही होतात, डोळ्यांना सारखी दिसतात, कॉम्प्युटरला वेगळी. नोंद करताना एकच पद्धत ठरवा आणि टेबलावर लिहून ठेवा.

आठवी: निवडच चुकलीये का

पुस्तक दिसतं, लोक उचलतात, चाळतात आणि परत ठेवतात, किंवा नेऊन दोन दिवसांत आणतात, तर वरचं काहीही करून उपयोग नाही. मागणी वही काढा. असते सगळीकडे, दोरीला पेन बांधलेलं असतं आणि शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. वाचकांनी लिहिणं सोडलं कारण लिहून काही होत नाही असं त्यांना वाटलं. पुढच्या खरेदीत वहीतली निदान दहा पुस्तकं घ्या, आणि पुस्तक आल्यावर पहिला फोन त्या माणसाला करा, "तुम्ही लिहिलं होतं ना, ते आलंय, तुमच्यासाठी ठेवलंय." मी आजवर जेवढे उपाय केले त्यात हा सगळ्यात जास्त टिकला. तो माणूस पुस्तक नेतो, चार जणांना सांगतो आणि वहीत परत लिहितो.

वाचनालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून किंवा देणगीतून आलेली पुस्तकं आपण निवडलेली नसतात, त्यांच्यासाठी वाचक एकेक शोधावा लागतो. शेतीचं पुस्तक ग्रुपवर टाकण्यापेक्षा ज्याची द्राक्षबाग आहे त्याला दाखवा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं अभ्यासिकेत हलवा.

कुठे थांबायचं

सॉफ्टवेअर कोहा असो की ई-ग्रंथालय, नोंद दिसतेय पण शोधात येत नाही, किंवा गेलेलं पुस्तक "शिल्लक" दाखवतंय, तर डेटाबेसला हात लावू नका. बॅकअप घ्या आणि ज्यांनी बसवून दिलंय त्यांना बोलवा. एका ठिकाणी उत्साहाने कोणीतरी "दुरुस्त" करायला गेलं आणि चार हजार नोंदी परत टाइप कराव्या लागल्या. जुन्या फॉन्टमधली सगळी यादी युनिकोडमधे आणायचं कामही जाणकाराचं.

वर्गीकरणच मुळात चुकत आलंय, चरित्रं कादंबऱ्यांत आणि इतिहास बालविभागात, असं दिसलं तर ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला आठ दिवस बसवा, अंदाजाने क्रमांक बदलू नका.

जागा करायला जुनी पुस्तकं काढावीशी वाटतात. रद्दीत देऊ नका. कार्यकारिणीचा ठराव करा आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारून निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून रीतसर कमी करायची, रीत समजून घ्या, त्यात दुर्मिळ पुस्तक असू शकतं.

आणि नवीन पुस्तकं हलवताना कपाटामागे मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. रॉकेल, फवारा असं काही मारत बसू नका, पुस्तकं लगेच दुसऱ्या खोलीत हलवा, त्याच दिवशी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करा, आणि तो बघून जाईपर्यंत त्या भिंतीला एकही पुस्तक लावू नका.